कथिलाचं कार्य: शून्यही नाही, ५५६ ज्यूलही नाही

उष्मागतिकीचं एक सोडवलेलं गणित विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर फिरतंय. पांढरं कथिल १३.२ अंश सेल्सिअसला करडं होतं, तेव्हा मोलमागे कार्य (म्हणजे फुगताना बाहेरच्या दाबाला ढकलण्यात खर्ची पडणारी ऊर्जा) किती? उत्तरात म्हटलंय: तापमान स्थिर, म्हणून आंतरिक ऊर्जा तीच. कार्य काढायचं वायूच्या समतापी, म्हणजे स्थिर तापमानाच्या, प्रसरणाच्या लॉगच्या सूत्राने, ५५६ ज्यूल. आणि खाली टीप, की बदल घनातून घनात असल्याने कार्य शून्य धरलं तरी चालेल.

आधी ते शून्य. कल्हईमुळे कथिल आपल्या ओळखीचं, मऊ आणि चकचकीत. पण शुद्ध कथिलाची पट्टी कडाक्याच्या थंडीत बराच काळ राहिली की तिच्यावर करडे फोड येतात, पसरतात, आणि बोट लावलं की भुगा हातात येतो. पांढऱ्याची घनता ७.२९, करड्याची ५.७७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. मोलभर, म्हणजे ११८.७१ ग्रॅम कथिलाचं आकारमान १६.२८ वरून २०.५७ घन सेंटिमीटरवर जातं. तब्बल २६ टक्के वाढ! पट्टी फुटते ती याच फुगण्याने.

लॉगचं सूत्र तर इथे लागूच होत नाही. वायू पसरताना त्याचा दाब उतरत जातो, लॉग येतो तो त्यातून. कथिलावर मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत वातावरणाचा एकच दाब आहे. मग दाब गुणिले आकारमानातला फरक, बस्स. १,०१,३२५ पास्कल गुणिले ४.२९ घन सेंटिमीटर. घन सेंटिमीटरचे घनमीटर करा (इथेच बहुतेकांचं घोडं अडतं), उत्तर ०.४३ ज्यूल. कथिल हवेला ढकलतं, म्हणून हे कार्य कथिलाने केलेलं. ५५६ हा आकडा याच्या बाराशे पटींहून मोठा आहे.

तापमान स्थिर म्हणजे आंतरिक ऊर्जा स्थिर, हे आदर्श वायूपुरतं खरं. इथे अणूंची मांडणीच बदलते. करड्या कथिलात ती हिऱ्यासारखी, प्रत्येक अणूला चार शेजारी. बंध बदलले की ऊर्जा बदलणारच: मोलमागे साधारण २.१ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तिच्यापुढे ०.४३ ज्यूल नगण्य आहे, हे मान्य. पण ते आकडा काढून, शेजारी ठेवून म्हणावं.

दाब १०० वातावरण केला तर तेच कार्य ४३ ज्यूल होतं, आणि क्लॅपेरॉनच्या समीकरणाने (दाब बदलला की असा बदल होण्याचं तापमान किती सरकतं, ते सांगणारं सूत्र) पांढऱ्याचं करडं होण्याचं तापमान सुमारे ६ अंशांनी उतरतं. आकारमानातला फरक शून्य धरला, तर ते जागचं हलणारही नाही.