दाबाने बर्फ वितळतं म्हणे!

स्की (पायाला बांधायच्या लांब पट्ट्या) बर्फावर कशी घसरते यावरचा तुमचा लेख मस्तच, पण त्यातलं "माणसाच्या वजनाच्या दाबाने बर्फ वितळतं म्हणून स्की घसरते" हे वाक्य खटकलं. शाळेत आम्हालाही हेच शिकवलेलं. जरा हिशोब करून बघा ना, बर्फाचा वितळणबिंदू फक्त १ डिग्री खाली आणायला साधारण १३० पट वातावरणाचा दाब लागतो, आणि ७० किलोचा माणूस दोन लांबलचक स्कीवर उभा राहिला तर दाब येतो वातावरणाच्या चाळीसाव्या भागाएवढा, मग वितळणार काय कप्पाळ? १९३९ साली बाउडन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडात युंगफ्राउयोखला बर्फाच्या गुहेत प्रयोग करून दाखवलं की घर्षणाच्याच उष्णतेने पाण्याचा पातळ थर तयार होतो. म्हणजे घर्षणच घर्षण कमी करतं, गंमत आहे की नाही! म्हणूनच उणे २०-२५ ला हा थर नीट तयार होत नाही आणि स्की वाळूवर ओढल्यासारखी अडखळते, आणि बर्फ फार ओलं झालं तर उलटं पाणीच खालून चिकटून धरतं. स्कीच्या तळाला वॅक्स (मेण) लावायचं ते त्यासाठी.

आम्ही गुलमर्गला गेलेलो तेव्हा दुपारी खालच्या उतारावर हेच झालं, स्की थांबली, मी नाही थांबलो 😅

हवेचा विरोध मात्र तुम्ही एका ओळीत उरकलात. वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो हो, २०२३ मध्ये फ्रान्समधे सिमोन बिली या स्कीपटूने उतारावर ताशी २५५.५ किमी वेग गाठला तो असा अंग मुडपून, घट्ट रबरी सूट घालूनच. त्यावर वेगळा लेख येऊ द्या.