मोजणारे ठेवता येतात म्हणे!

आज सकाळी भाच्याचा दहावीचा सत्कार होता. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. नाव लिहीत नाही, उगाच फुकटची प्रसिद्धी. तर पाहुणे प्रत्येक पोराला शाल घालताना माइकवर विचारत होते, "पुढं काय करणार?" डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर, टाळ्या. आमचं पोरगं बारीक आवाजात म्हणालं, "सीए."

पाहुण्यांनी माइक जवळ ओढला. "म्हणजे जन्मभर दुसऱ्याचे पैसे मोजत बसणार? अरे, राजकारणात ये! मोजणारे ठेवता येतात!"

हॉल खदाखदा हसला. मीही हसले. तेच आता दुपारपासून टोचतंय, म्हणून लिहायला बसले.

माझे वडील, अण्णा, मोजणारे होते. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी. दिवाळीच्या आदल्या दिवसांत ते घरी फक्त झोपायला यायचे, कारण लक्ष्मीपूजनाला नवी चोपडी पुजायची तर जुन्या वर्षाचा मेळ लागायला हवा. मी तिसरीत असेन. आईनं डबा देऊन मला दुकानात पाठवलं. अण्णा गादीवर मांडी घालून, समोर लाल कापडाच्या बांधणीची वही, कानाला पेन्सिल. हमाली खातं आणि हमालांच्या टोळीची वही यांच्यात फरक येत होता. 27 रुपये.

शेठ म्हणाले, "दिवाणजी, टोळीनं काही मागितलंय का? नाही ना? मग द्या सोडून."

अण्णांनी मला विचारलं, "सत्तावीसला नऊनं भाग जातो?"

"जातो."

"मग कुठंतरी आकडा उलटा पडलाय. अंक उलटे पडले की फरकाला नऊनं भाग जातोच. बस इथं. मी वाचतो, तू टोळीच्या वहीत बोट ठेवत ये."

साडेनऊला सापडलं. एका ट्रकच्या उतराईचे 63, दुकानाच्या कीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदवहीत, पडले होते 36. टोळीला तेवढेच मिळाले होते. अण्णांनी वही बंद केली, शेठकडून 27 रुपये घेतले, आणि मला सायकलवर पुढं बसवून मुकादमाच्या खोलीवर देऊन आले. डबा तसाच राहिला. घरी आल्यावर आई काय बोलली ते लिहीत नाही.

ही "दुसऱ्याचे पैसे मोजणारी" माणसं.

आणि पाहुणे, तुम्हाला कुणी सांगितलं की मोजणारे राजकारणात नसतात? हे राज्यच मोजणाऱ्यांनी चालवलंय. माझ्या मित्रयादीतली आडनावंच बघा. कुलकर्णी गावाचा हिशेब ठेवायचे, देशपांडे परगण्याचा, पोतनिसांकडे खजिना, मुजुमदारांकडे जमाखर्चाची तपासणी. शिवाजी महाराजांच्या राज्यात हाच मुजुमदार 1674 च्या राज्याभिषेकानंतर अमात्य झाला, अष्टप्रधानांतला. म्हणजे आपल्याकडं हिशेब तपासणाऱ्याला मंत्रिमंडळात जागा होती, मागच्या खोलीत नव्हे. (आजच्या पुढाऱ्यांची आडनावं मी काढत नाहीये. कमेंटीत लढाई नको.)

आणि नाना फडणवीस? फडणीस म्हणजे कोण? पेशव्यांच्या फडावरचा, म्हणजे कचेरीतला, जमाखर्च सांभाळणारा. आजोबांपासून घरात चालत आलेली हिशेबाची नोकरी. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, गादीवर बसवायला होतं काय, तर पुढच्या वर्षी जन्मलेलं तान्हं पोर. तरी बारभाईंनी, म्हणजे एकत्र आलेल्या कारभारी मंडळींनी, कारभार तोलला, आणि त्यातला हा फडावरचा माणूस 1800 साली मरेपर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, दौलतीचा गाडा ओढत राहिला. पानिपतातून जेमतेम जीव वाचवून आलेला, तलवारीसाठी कुणी ओळखत नसे असा माणूस. ते गेले आणि 18 वर्षांत पुण्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. तलवारवाले तर तेव्हाही होते की!

हो, माहितीय. नाना काही संत नव्हते. स्वतःची माया भरपूर जमवलेली, आणि घाशीराम कोतवाल त्यांच्याच कारकिर्दीतला. मान्य. पुढं चला.

जुनं नको असेल तर एन. के. पी. साळवे घ्या. नागपूरचे. पेशानं सीए, खासदार, केंद्रात मंत्री, नवव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष. एवढं सांगून कुणाला काही आठवत नाही, म्हणून क्रिकेटचं सांगते. 1983 मध्ये आपण लॉर्ड्सवर फायनलला गेलो तेव्हा बोर्डाचे अध्यक्ष साळवे होते. त्यांनी दोन जादा पास मागितले, इंग्रजांनी दिले नाहीत. आपला नेहमीचा पुढारी असता तर गेटवर आरडाओरडा केला असता, "ओळखत नाहीस का मला?" साळव्यांनी काय केलं? पाकिस्तानच्या बोर्डाला सोबत घेतलं, क्रिकेटमधल्या छोट्या देशांना किती जास्त पैसे देता येतील याचा आकडा मांडला, मतं गोळा केली, आणि वर्ल्ड कप पहिल्यांदाच इंग्लंडबाहेर काढला. 8 नोव्हेंबर 1987, फायनल ईडन गार्डन्सवर. त्यात इंग्लंड 7 धावांनी हरलं, हे वरचं व्याज. दोन पासांची बाकी इतक्या सुबकपणे वसूल केलेली मी दुसरी बघितली नाही.

(एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा वादग्रस्त करार झाला तेव्हा केंद्रात वीजखातं साळव्यांकडंच होतं, हे कुणीतरी लिहिणारच. लिहा. वहीत दोन बाजू असतात, मला ठाऊक आहे.)

आमच्या कोकणातल्या वहिनी सुरेश प्रभूंवर अजून रागावलेल्या आहेत, तेही सांगते. प्रभू सीए. राजापूरचा माजी खासदार रेल्वेमंत्री झाला म्हणून केवढा आनंद! आणि 2015 च्या पहिल्याच रेल्वे बजेटमध्ये गृहस्थानं नवीन गाडी एकही जाहीर केली नाही. एकही! वहिनी म्हणाल्या, "एवढा आपला माणूस, आणि एक गाडी देववेना?" तेव्हा मलाही पटलं होतं. आज वाटतं, अहो, तेच तर दिवाणजीपण. आधी जाहीर केलेल्या गाड्यांना रूळ आहेत का, पैसा आहे का, ते बघितल्याशिवाय नवीन नाव वहीत घालायचं नाही. पुढच्या वर्षी तर रेल्वेचे हिशेब लिहायची पद्धतच बदलायचं काढलं, रोख आली-गेली एवढंच न लिहिता येणं-देणंही वहीत दिसायला हवं म्हणून. याला टाळ्या कोण वाजवणार? 1924 पासून वेगळं असलेलं रेल्वे बजेट 2016 नंतर बंद झालं, तेही त्यांच्याच काळात. मग ऑगस्ट 2017 मध्ये चार दिवसांत दोन गाड्या रुळावरून घसरल्या. खतौलीला माणसं गेली. प्रभूंनी जबाबदारी आपली म्हणून राजीनाम्याची तयारी दाखवली, आणि सप्टेंबरात खातं गेलं. हिशेब नीट ठेवून गाड्या घसरायच्या थांबत नाहीत, हे खरंच. पण चूक झाल्यावर "माझ्या नावे टाका" म्हणणारे किती बघितलेत तुम्ही? (त्यांच्यानंतर रेल्वे गेली तीही सीएकडेच. पीयूष गोयल.)

बरं, हिशेब येतो म्हणून माणूस सचोटीचा असतो असं नाही. ज्याला मेळ घालता येतो त्यालाच तो बिनबोभाट बिघडवता येतो, आणि अशी उदाहरणं तुमच्याकडं माझ्यापेक्षा जास्त असतील. ठीक आहे. पण ज्याला वाचताच येत नाही त्याच्यासमोर कुणीही काहीही ठेवावं आणि सही घ्यावी, हे जास्त बरं आहे का? बाबासाहेबांनी 30 मे 1949 ला संविधान सभेत सांगितलं होतं की महालेखापरीक्षक हा राज्यघटनेतला बहुधा सगळ्यात महत्त्वाचा अधिकारी आहे. पंतप्रधान नव्हे, न्यायाधीश नव्हे. हिशेब तपासणारा! आणि आमचे पाहुणे म्हणतात, ठेवता येतात. गडी ठेवल्यासारखे!

जरा पाणी पिऊन आले.

अण्णा पुढं गावी सरपंच झाले. 90 च्या दशकातली गोष्ट. कुणालाच कुणी चालत नव्हतं, म्हणून "दिवाणजींना करा" असं ठरलं. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत त्यांनी वर्षाचा जमाखर्च वाचायला घेतला. सगळा. दिवाबत्ती, पाणीपट्टी, झाडूचे पैसे. चौथ्या पानापर्यंत लोक जिलेबीच्या टोपलीकडं गेलेले, समोर शाळेची पोरं आणि हेडमास्तर उरले. अण्णांनी शेवटची बेरीज वाचली आणि मगच खाली बसले. मला इतकी लाज वाटली होती! तेव्हा मी कॉलेजात होते, मैत्रिणी सोबत होत्या.

मग गटाराचं बिल आलं. बिलावर लांबी 72 मीटर. अण्णा टेप घेऊन गेले, एका टोकाला मला धरून उभं केलं, घाणीत चप्पल बरबटली. भरलं 27. मी आपली शहाणी, म्हटलं, "अण्णा, 45 चा फरक. नऊनं भाग जातो. आकडा उलटा पडलाय."

अण्णा टेप गुंडाळत म्हणाले, "पडला नाही गं. पाडलाय."

बिलावर सही केली नाही. पुढच्या निवडणुकीत त्यांच्या वॉर्डात जीपा फिरल्या, जेवणावळी झाल्या, आणि अण्णा पडले. त्या जीपांचा खर्च कुठल्या वहीत पडला ते गावाला पाठ आहे. कुणाचा माणूस निवडून आला तेही. जाऊ दे. पाहुणे, तुमचं बरोबरच आहे, मोजणारे ठेवता येतात. नको असतील तर पाडताही येतात.

सत्काराहून परत येताना रिक्षात पोरगं गप्प होतं. शाल मांडीवर घडी करून. मला वाटलं, आता म्हणेल सीए नको. बऱ्याच वेळानं म्हणालं, "आत्या, आजोबा निवडणूक हरले तेव्हा रडले होते का?"

म्हटलं, नाही रे. 19 मतांनी पडले. रात्री घरी आले, पाय धुतले, पाटावर बसले. आई रडत होती. अण्णांनी भाताचा घास कालवला आणि म्हणाले, "एकोणीसला नऊनं भाग जात नाही. म्हणजे मोजणी बरोबर आहे. वाढ आमटी."

पोरगं इतकं हसलं की रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं.