ट्रकचा दाब आणि आमचा ताप

मराठी नाटकाच्या व्यवस्थापकाने कोणकोणती कामे करायची याची यादी कोणी कधी केलेली नाही, आणि त्यामुळेच तिच्यात डिझेलचा दाब मोजण्याचे काम केव्हा घुसले हे सांगता येत नाही. नायकाचा घसा बसला तर कोणता काढा पाजावा, दौऱ्यावर कोणत्या दोघांना एका खोलीत उतरवू नये आणि निर्मात्यांपुढे मानधनाचा विषय कोणत्या वेळी काढू नये, हे मला पाठ आहे. परंतु नेपथ्याचा ट्रक पूर्व द्रुतगती महामार्गावर मुलुंडच्या जरा अलीकडे गुदमरू लागला आणि तिकडे ठाण्याला गडकरी रंगायतनच्या मोकळ्या रंगमंचावर दिग्दर्शक येरझाऱ्या घालत असले, म्हणजे या विद्येचा काडीइतकाही उपयोग होत नाही. त्या वेळी एकच प्रश्न उरतो, तो म्हणजे रेलमध्ये, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरांना ते पुरवणाऱ्या सामाईक नळीत, दाब किती आहे.

हा ट्रक निर्मात्यांनी नाशिककडच्या एका कांद्याच्या वाहतूकदाराकडून घेतला, तेव्हा त्या गृहस्थाने त्याच्यावर पुष्कळ संस्कार करून ठेवलेले होते. मागचा हौदा लांबवलेला होता आणि नेपथ्याच्या चौकटी त्यात न मोडता मावत असल्यामुळे निर्माते त्यावर निहायत खूश होते. मूळ टाकीला पाइपने जोडून शेजारी दुसरी टाकी बसवलेली होती. शिवाय कसारा घाट चढताना जोर यावा म्हणून इंजिनाजवळ एक काळी डबी लावलेली होती. वाहनाच्या मूळ घडणीत फेरफार करण्याविषयी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये जे म्हटले आहे, ते त्या गृहस्थाच्या वाचनात आले नसावे.

ही डबी खोटे बोलण्यासाठीच बनवलेली असते. रेलवरचा सेन्सर दाबाच्या प्रमाणात साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत संदेश पाठवतो. डबी मध्येच बसून तो संदेश थोडा उतरवून पुढे सरकवते, त्यामुळे दाब कमी पडतो आहे असे वाटून इंजिनाचा संगणक पंपाला आणखी कामाला जुंपतो. नाटकधंद्यात असले मध्यस्थ आम्ही बरेच पाहिलेले असल्यामुळे तिच्याविषयी मला प्रथमपासून आदर नव्हता. परंतु आमचा चालक भिकूदादा तिच्याबद्दल जितक्या जिव्हाळ्याने बोलतो तितक्या जिव्हाळ्याने त्याला मी नायिकेबद्दलही बोलताना ऐकलेले नाही.

या दाबाची जात जरा समजून घेतली पाहिजे. ट्रकच्या चाकात साधारण ८ बार (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब) दाबाची हवा असते आणि ते चाक फुटले तर आख्खा नाका दचकतो. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात ट्रक नुसता उभा राहून धडधडत असतानाच रेलमध्ये ३०० बारच्या आसपास दाब असतो, आणि भरल्या मालानिशी चढ लागला की तो १६०० च्याही वर जातो. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले तेव्हा इंधन आत फवारण्यासाठी दाबलेली हवा वापरावी लागे. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९७ मध्ये, अल्फा रोमिओ १५६ या गाडीतून कॉमन रेल प्रवासी मोटारींत आली. दरम्यान धूर कमी झाला हे खरे, पण चालू इंजिनाच्या नोझलच्या पाइपाचा नट सैल करून कोणता सिलिंडर काम चुकवतो आहे हे ओळखण्याची जुन्या मेकॅनिकांची सोय मात्र कायमची गेली. आता तसे करू गेल्यास डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते आणि मेकॅनिकाला ट्रकच्या आधी शस्त्रक्रियेच्या टेबलावर घ्यावे लागते. ही गोष्ट ठाऊक नसलेले हौशी मदतनीस महामार्गावर विपुल असल्यामुळे पाना घेऊन वाकलेल्या माणसाचा दंड धरून त्याला मागे ओढणे, हेही माझ्या कामांत जमा झाले.

ट्रकचे दुखणे असे होते की वडाळ्याहून निघताना तो अगदी शहाण्यासारखा चाले, विक्रोळीनंतर चढाला उठेनासा होई, मग इंजिनाचा पिवळा दिवा लागे आणि वेग बैलगाडीला लाज आणण्याइतका उतरे. आम्ही बाजूला थांबत असू. जवळच्या गॅरेजातून कोणी तरी येई आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे, ‘डिझेल आहे ना?’ नाटकवाल्यांच्या ट्रकमध्ये डिझेल असेल असे कोणीही गृहीत धरत नाही. मग भिकूदादा सदरा वर करून करगोट्याला बांधलेली किल्ली सोडवू लागे. वडाळ्याच्या तळावर रात्री डिझेल चोरीला गेल्यापासून निर्मात्यांच्या हुकमाने दोन्ही टाक्यांना कुलपाची झाकणे बसवलेली होती आणि किल्ली करगोट्याबाहेर ठेवण्यास भिकूदादाचा विरोध होता. गाठ सुटे, झाकण उघडे, आलेला इसम आत डोकावून डिझेल पुरेसे असल्याचे जाहीर करी, आणि त्यानंतर आपापल्या संप्रदायानुसार फिल्टरवरचा हातपंप मारी, वायरीचा एखादा जोड काढून फुंकर घालून पुन्हा बसवी किंवा नुसताच बोनेटवर थाप मारी. ट्रक सुरू होऊन सरळ ठाण्याला पोहोचे. त्यामुळे मुलुंडच्या परिसरात आमचा ट्रक आपणच बरा केला असे छातीठोकपणे सांगणारी बरीच मंडळी आजही आढळतील, आणि बोनेटवर थाप मारणारा त्यांत सर्वांत महाग होता.

मग रीतसर उपचार सुरू झाले. एका तरुणाने स्कॅनर लावला. पी ००८७, म्हणजे रेलमधला दाब कमी, असा निकाल पडद्यावर उमटला आणि त्याने तो मला अशा गांभीर्याने दाखवला की जणू ट्रक अर्ध्या रस्त्यात थांबतो हे आम्हांला आजवर ठाऊकच नव्हते. दाब कमी आहे इतके यंत्र सांगते, तो का कमी आहे हे सांगत नाही. फिल्टर तुंबलेला असू शकतो, पाइप हवा ओढत असू शकतो, पंपाचा मीटरिंग व्हॉल्व्ह अडकू शकतो, रेलचा रिलीफ व्हॉल्व्ह गळू शकतो, इंजेक्टर दाबाचे डिझेल आतल्या आत परत टाकीकडे सोडू शकतात, किंवा सगळे ठणठणीत असून एकटा सेन्सरच थापा मारत असू शकतो. आमच्या महानगरात या शक्यता तपासण्याचा क्रम वस्तूच्या किमतीवरून ठरतो, आणि जी सर्वांत महाग ती प्रथम बदलली जाते. पंप-नोझलच्या दुकानात इंजेक्टर गेले. दुसऱ्या एका ठिकाणी पंपावर संशय घेतला गेला आणि तोही उतरला. तिसऱ्या जाणकाराने ‘सगळी त्या डबीची करणी’ असे सांगून डबी काढायला लावली. तेव्हा भिकूदादा तोंड फिरवून उभा राहिला. डबी गेली, जोर गेला, दुखणे मात्र होते तिथेच राहिले.

शेवटी एसटीच्या कार्यशाळेत आयुष्य घालवून निवृत्त झालेले एक काका आमच्या प्रकाशयोजनाकारांच्या ओळखीने लाभले. त्यांनी स्कॅनर पाहिला, मान डोलावली आणि तो बाजूला ठेवला. ‘साहेब, दाब पंपात तयार होतो, पण डिझेल टाकीतून येतं. आपण टाकीपासून चालत जाऊ,’ असे ते म्हणाले, तेव्हा इतका स्वस्त विचार ऐकण्याची सवय नसल्यामुळे मला प्रथम त्यांच्या योग्यतेविषयीच शंका आली.

त्यांनी चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्यांना चार सारख्या बाटल्या लावून इंजिन चालवले. चारींत डिझेल जवळजवळ एकाच पातळीने चढले, म्हणजे इंजेक्टर निर्दोष होते (नवेच होते, पण काका बिलावर विश्वास ठेवत नाहीत). पुढे त्यांनी फिल्टरच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी घातली. आमच्या ट्रकला टाकीतून डिझेल पुढे ढकलणारा वेगळा विजेचा पंप नाही. मोठ्या पंपाच्या पोटातला छोटा गिअर पंपच ते ओढून घेतो, त्यामुळे या बाजूचा जोड सैल झाला तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत जाते आणि बाहेरून पाहणाऱ्याला सगळे कोरडे आणि साजूक दिसते. नळीतून मधासारख्या रंगाचे डिझेल वाहत होते आणि बुडबुडा एकही नव्हता. तेव्हा काकांनी तिथे एक व्हॅक्यूमचा काटा जोडून त्याची नळी केबिनमध्ये आणली, तो काटा माझ्या मांडीवर ठेवला आणि ट्रक ठाण्याच्या दिशेने काढण्यास सांगितले.

निघण्यापूर्वी त्यांनी भिकूदादाला विचारले की, टाकी भरलेली असताना त्रास जास्त होतो की रिकामी होत आल्यावर? भिकूदादाने क्षणभरही न थांबता सांगितले की, अर्ध्या टाकीवर ट्रक पुण्यापर्यंत कुरकुर न करता जातो आणि काठोकाठ भरली की मुलुंड. तळाशी कचरा साचला असता तर हे नेमके उलटे व्हायला हवे होते. इतके दिवस हे ज्ञान करगोट्याच्या किल्लीशेजारीच होते, पण टाकीत डोकावणाऱ्या एकानेही चालकाला हे विचारले नव्हते. काकांनी दोन्ही टाक्या गळ्यापर्यंत भरून घेतल्या.

शीव ओलांडेपर्यंत काटा शून्याला चिकटून होता. घाटकोपरला तो हलला. विक्रोळीनंतर तो मिनिटामिनिटाला सरकू लागला, आणि ०.४ बारच्या जवळ पोहोचला तेव्हा मागून कोणी पत्र्यावर मुठीने मारावे तसा टण्ण असा आवाज आला. क्लीनरने ‘हाच तो!’ म्हणून पाय वर घेतले. हा आवाज त्याने पूर्वीही ऐकला होता आणि नाशिकच्या मूळ मालकाकडे कोणी तरी वारलेले असावे असा त्याचा तर्क होता. ट्रक गुदमरला. काकांनी खाली उतरून टाकीच्या पत्र्यावर तळहात फिरवला. तो आत दबलेला होता. भिकूदादाने गाठ सोडली, किल्ली फिरवली, आणि झाकण सैल होताच फुस्स करून हवा आत गेली, पत्रा पुन्हा टणकन बाहेर आला आणि माझ्या हातातला काटा शून्यावर पडला.

बाटली ओठांशी घट्ट धरून पाणी ओढत राहिले की बाटली चिपटते आणि पाणी येईनासे होते, त्यातलाच हा प्रकार होता. जळालेल्या डिझेलची जागा घेण्यासाठी टाकीत हवा शिरावी लागते. मूळ झाकणाला त्यासाठी बारीक भोक होते आणि चोरांना घाबरून बसवलेल्या कुलपाच्या झाकणांना नव्हते. टाकीची स्वतःची श्वासनळी होती, पण दुसरी टाकी बसवताना ती पट्टीखाली दुमडून चेपली गेली होती. भरलेल्या टाकीत वर हवाच थोडी, त्यामुळे थोडेसे डिझेल जळताच पोकळी तयार होई. अर्ध्या टाकीत हवा भरपूर असल्यामुळे दम बराच वेळ टिके. आणि मदतीला आलेला प्रत्येक इसम डिझेल पाहण्यासाठी झाकण उघडून पहिल्या मिनिटातच ट्रक बरा करी, आणि मग उरलेला अर्धा तास दुरुस्ती करी.

काकांनी चेपलेली नळी बदलली, भोक असलेली कुलपाची झाकणे मिळवून बसवली आणि जे पैसे मागितले ते ऐकून निर्मात्यांनी प्रथमच कोणाला तरी घासाघीस न करता पैसे दिले. त्यानंतर बदललेल्या पंपाचे आणि इंजेक्टरांचे पैसे परत मिळतील काय याची त्यांनी चौकशी केली. ते मिळणार नाहीत असे कळताच त्यांनी ती सर्व रक्कम हिशेबात नेपथ्याच्या सदराखाली टाकण्यास मला सांगितले. त्यामुळे पुढील नाटकाचे नेपथ्य प्रतीकात्मक ठेवण्याचे ठरले असून, ते टॅक्सीच्या टपावर मावते.