तळं, ट्रेलर आणि पुतण्या

पुरंदरातल्या आमच्या अंजिरांना दर उन्हाळ्यात टँकरनं पाणी घालून खिसा पार कोरडा पडला, तेव्हा शेततळ्याचं ठरलं. ३० बाय ३०, खोली ३ मीटर. कडांना एकास एक उतार ठेवूनही माती निघते २,१९६ घनमीटर, म्हणजे पाणी मावणार जवळजवळ २२ लाख लिटर. आकडा ऐकताच घरच्यांनी त्यात मासेही सोडले.

आधी मोठ्या ठेकेदाराकडे गेलो. दारात तीन पोकलेन, आत टेबलावर काच, काचेखाली देव.

"किती तळी?"

"एक."

मंगल कार्यालयात जाऊन एकच ताट मागावं, तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं. "साखळीवरचं मशीन रस्त्यानं चालत येत नाही साहेब. ट्रेलरचं येण्याजाण्याचं भाडं तुमच्याकडे. नाहीतर गावातले पाच शेतकरी गोळा करा."

गावातली पाच माणसं एका मतावर आणता आली असती, तर मी सरपंच नसतो झालो?

मग चुलत पुतण्याचा जेसीबी. "तात्या, घरचंच काम आहे!" घरचं काम म्हणजे जगाची कामं उरकल्यावरचं. अक्षय्य तृतीयेला येणारा जेसीबी मृगाच्या तोंडावर उगवला. तासाला बाराशे. मीटर इंजिनावर पळतं. बकेट हललंच पाहिजे, असा त्याचा हट्ट नाही. ऑपरेटरचं नुकतंच लग्न ठरलेलं. इंजिन धडधडत ठेवून तो फोनवर बोलायचा. एकदा मी घड्याळ लावलं: अकरा मिनिटं. त्या दोघांचं भांडण मला दोनशे वीस रुपयांना पडलं. बरं, मिटलंही नाही.

त्यात जेसीबीचा हात तळ्याच्या मध्यापासून काठापर्यंत पुरेना. मधली माती उकरून बाजूला टाकायची, मग तीच पुन्हा उचलून बांधावर. एका मातीचे दोनदा पैसे. दोन मीटरवर कठीण मुरूम लागला आणि त्याच रात्री पाऊस आला. सकाळी जेसीबी तळ्यात, चाकं अर्धी चिखलात, ऑपरेटर काठावर फोनवर. इंजिन बंद होतं, तेवढंच समाधान.

पुतण्यानं मोठ्या ठेकेदाराला फोन लावला. दुपारी ट्रेलर आला. पोकलेननं जेसीबी दहा मिनिटांत ओढून काढला.

पुतण्या माझ्या कानाशी आला. "तात्या, ट्रेलरचं भाडं तर बसलंच आहे. राहिलेलं यांच्याकडूनच उकरून घ्या की!"