कबर ओल्यात की सुक्यात?

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, पहाटे साडेपाचला आमच्या जिन्यातली कबर नाहीशी झालेली होती. आतलं काही नव्हे, अख्खी कबर. माती, मातीत उगवलेली मोहरी, काड्यांचे तीन क्रूस, कबर म्हणून आडवा ठेवलेला मातीचा कुल्हड, कुल्हडाच्या तोंडावरचा दगड, सगळं. परात तेवढी होती. घासूनपुसून भिंतीला उभी केलेली.

बायबलमधल्या शुभवर्तमानाप्रमाणे येशूच्या कबरेचा फक्त दगड बाजूला व्हायचा असतो. तो मी सरकवणार होते, मुलं उठायच्या आत. कुल्हडात शुक्रवारी संध्याकाळी येशू म्हणून पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला कपड्यांचा लाकडी चिमटा ठेवला होता. शनिवारी रात्री मुलं झोपल्यावर मी चिमटा काढून घेतला, पट्टीची घडी करून आत ठेवली आणि दगड परत लावला. योहानाने घडी केलेल्या रुमालाचा खास उल्लेख केलाय. आमच्या धाकट्याला मी तो दर वर्षी वाचून दाखवते, कारण हा मुलगा मोज्याची घडी करत नाही.

हे सगळं कशासाठी, तर ईस्टर म्हणजे चॉकलेटची अंडी आणि ससा एवढंच मुलांच्या डोक्यात बसू नये म्हणून. मॉलमध्ये ससा असतो. ससा फोटो काढू देतो. त्याच्याशी स्पर्धा करायची तर घरात काहीतरी करावं लागतं. यंदा नवऱ्याने बारा प्लास्टिकच्या अंड्यांचा संच मागवला. एकात गाढव, एकात नाणी, मग पेला, काटे, खिळा, फासे, अशी क्रमाने एकेक उघडत गोष्ट सांगायची. बारावं अंडं येशूच्या कबरेसारखं रिकामं असतं. तोच सगळ्या गोष्टीचा गाभा. नवऱ्याने ऑफिसच्या घाईत पाकीट उघडलं, बारावं रिकामं बघितलं, फोटो काढला आणि तक्रार टाकली. कंपनीने माफी मागून नवा संच पाठवला. त्यातलंही बारावं रिकामं. तो दुसरी तक्रार टाकत होता तेव्हा मी फोन काढून घेतला. हा माणूस लहानपणी संडे स्कूलमध्ये मागे बसून काय करत होता, ते देवालाच ठाऊक.

येशूने शिष्यांचे पाय धुतले होते म्हणून गुरुवारी एकमेकांचे पाय धुतले, म्हणजे बाथरूम धुतलं. शनिवारी बन केले. मार्शमेलो लोण्यात बुडवायचा, दालचिनी-साखरेत घोळवायचा, कणकेत गुंडाळून भट्टीत ठेवायचा. स्त्रिया कबरेकडे सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्या होत्या, ती ही दालचिनी. भाजताना मार्शमेलो विरघळतो आणि बन आतून पोकळ निघतो. एक बन कडेने फुटला. धाकटा म्हणाला, "हा पळून गेला." धर्मशास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर नाही, पण रात्रीचे दहा वाजले होते.

तर कबर. परातीतली ही बाग झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, पेरली की ईस्टरपर्यंत मोहरी बोटभर वर येते. सकाळचं ऊन आमच्या बिल्डिंगीत दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या खिडकीतच पडतं, म्हणून परात तिथे. आठवडाभर येणारे-जाणारे बघत होते. कोणी काही बोललं नाही.

खाली वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, मी झोपलो होतो, कोणीतरी उचलून नेलं असेल. मागे उभी असलेली थोरली एकदम म्हणाली, "आई, याला पैसे दिलेत." मत्तयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात पहारेकऱ्यांना हेच सांगायला पैसे दिलेले आहेत, आणि आदल्याच आठवड्यात तिने ते पाठ केलं होतं. वॉचमनची समजूत घालण्यात पाच मिनिटं गेली.

तेवढ्यात आवारात तिसऱ्या मजल्यावरचे काका दिसले. बर्म्युडा, बनियन, हातात कात्री, तुळशीची मंजिरी खुडत. मग्दालीया मरीयेला भल्या पहाटे बागेत कोणीतरी दिसलं, तिला तो माळी वाटला आणि ती म्हणाली, तुम्ही नेलं असेल तर कुठे ठेवलंत ते सांगा. मरीयेचा अंदाज चुकला होता, तो येशू होता. माझा बरोबर निघाला.

काकांची ओळख करून द्यायला हवी. इंदूर 2017 साली स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि काका त्याच सुमारास निवृत्त झाले. हे दोन्ही एकाच वेळी झालं हे आमचं दुर्दैव. शहरात कचरा सहा प्रकारांत वेगळा करायचा असतो: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा. बाकीचे लोक जमेल तसं करतात. काका जगतात ते त्यासाठी. सकाळी कचरागाडीचं गाणं लांबून आलं की ते आरतीला उभं राहावं तसे फाटकात उभे राहतात आणि प्रत्येकाच्या डब्यात डोकावतात. यंदा गुरुवारी, 2 एप्रिलला, हनुमान जयंती होती. आवारातल्या भंडाऱ्याच्या पत्रावळी शनिवारपर्यंत वाऱ्यावर उडत होत्या, त्यामुळे काका आधीच पेटलेले.

"काका, जिन्यात आमची परात होती."

"आहे ना. घासून ठेवली."

"आणि त्यातलं?"

काकांनी कात्री खाली ठेवली. "वहिनी, तासभर गेला माझा. इतका अवघड कचरा मी आजवर बघितला नाही. आता मातीच घ्या. ओली होती म्हणून ओल्यात धरणार होतो. पण माती काही सडत नाही. शेवटी तुळशीला घातली. मोहरी ओल्यात, तो प्रश्नच नाही. त्या काड्या वाळलेल्या, पण त्यांना सुतळी. सुतळी सोडवून वेगळी केली. तिन्हींची."

"तिन्हींची?"

"तिन्हींची. मधला जरा घट्ट होता."

मधला थोरलीने बांधला होता. तिने माझा हात दाबला.

"मग तुमचा तो कुल्हड. तोंडाशी दगड. मी दगड बाजूला केला, आत हात घातला, तर आत बँडेज! म्हटलं, लहान मुलांच्या घरात हे असं? हातमोजे घालून सॅनिटरीत टाकलं. पिवळ्या पिशवीत. वर गाठ मारून."

"काका, ते बँडेज नव्हतं. प्रेतवस्त्र होतं."

काका दोन पावलं मागे सरकले आणि हात बनियनला पुसले. "कोणाचं?"

"येशूचं."

"अच्छा, अच्छा." थोडा वेळ गेला. "पण आत कोणी नव्हतं."

"हो."

"मी स्वतः बघितलं ना. बॅटरी मारून. पूर्ण रिकामं होतं."

"हो काका, तेच."

"मग रिकामं आठवडाभर जिन्यात ठेवून काय उपयोग?"

धाकटा इतका वेळ रडवेला होता. तो टाळ्या पिटायला लागला. "आजोबांनी बघितलं! आजोबांनी बघितलं!" योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य कबरेत जातो, पाहतो आणि विश्वास ठेवतो. काकांनी पाहिलं आणि वर्गीकरण केलं. पण पहिला साक्षीदार तो साक्षीदार. मुलाने त्यांना हात जोडून "प्रभू उठला आहे" म्हटलं. त्यावर "खरोखर उठला आहे" म्हणायचं असतं. काका म्हणाले, "हो, मी रोज पाचला उठतो."

मग त्यांची खरी शंका बाहेर आली. "पण वहिनी, तुमचं ते शुक्रवारी झालं ना? मी ग्रुपवर हॅपी गुड फ्रायडे टाकलं होतं, फुलांसकट."

मी सांगितलं की शुक्रवारी मरण आणि तिसऱ्या दिवशी पुनरुत्थान. काकांनी बोटं मोजली. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार पहाट, हे दोन दिवसही भरत नाहीत, तीन कसे? मी म्हटलं, यहुदी लोकांत दिवसाचा तुकडाही अख्खा दिवस धरायचे. शुक्रवार एक, शनिवार दोन, रविवार तीन. काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे सुतकासारखं! मग सरळ सांगा ना." तारीख दर वर्षी का बदलते तेही त्यांना लगेच कळलं: 21 मार्च किंवा त्यानंतरची पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार. "म्हणजे तुम्हीही आमच्यासारखे चंद्रावरच," असं म्हणून त्यांनी आम्हाला पंचांगात सामावून घेतलं. चर्चमध्ये पाद्रीसाहेबांना जे पाऊण तासात जमलं नसतं ते काकांना फाटकाशी उभ्या-उभ्या समजलं. कबरेबद्दल मात्र ते "सॉरी" म्हणाले नाहीत. उलट म्हणाले, "तुमच्यात हे असं असतं, आम्हाला काय माहीत? तुम्ही मूळचे कुठले?"

हे ते दर ईस्टरला विचारतात. नाताळलाही विचारतात. माझे पणजोबा नगरहून इथे आले. 1887 साली निघालेल्या क्रिश्चियन कॉलेजात आजोबा शिकले, वडील शिकले. काकांचे वडील नोकरीनिमित्त साताऱ्याहून आले ते स्वातंत्र्यानंतर. राजेंद्र नगरातल्या या बिल्डिंगीत मराठी बोलणारी सात घरं, त्यांतलं सगळ्यात जुनं इंदूरकर घर आमचं. मूळचे कुठले, हे मात्र आम्हालाच सांगावं लागतं.

आणि जिन्याचंच काढायचं तर काढू. रंगपंचमीला अख्खी बिल्डिंग राजवाड्याची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून येते, आम्हीही जातो, आणि येताना सगळे मिळून जो जिना चढतात तो पुढे आठवडाभर गुलाबी असतो. गणपतीत मांडव दहा दिवस आमच्या पार्किंगमध्ये. वर्गणी आम्ही देतो, मोदक आमच्याकडूनही येतात, थोरली अथर्वशीर्ष ऐकून-ऐकून अर्धं म्हणते. कोणी त्याचं वर्गीकरण करत नाही, करूही नये. आमची एक परात, ती खिडकीत, तीही एक आठवडा. विचारायला दार वाजवायचं होतं. दोन जिने उतरून तुळशीपाशी माती नेता येते, तर सहा पायऱ्या उतरून बेल दाबता येत नाही?

हे मी काकांना बोलले नाही. उपासनेला उशीर होत होता.

चर्चमध्ये बाईंनी मुलांना विचारलं, कबर रिकामी आहे हे आधी कोणाला कळलं? धाकट्याने हात वर करून सांगितलं, "तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना."

दुपारी घरी आलो तर तो दगड आमच्या दाराला टेकवलेला. त्याच्याखाली चिठ्ठी, काकांच्या सुबक अक्षरात: "हा मलबा आहे. कचरागाडी घेत नाही. कृपया स्वतः विल्हेवाट लावावी. पुढील वर्षी अर्ज द्यावा. अर्जात वस्तूचे नाव, मजला व किती दिवस ठेवणार ते लिहावे (तुकडा दिवस पूर्ण धरावा)."

नवरा दगड उचलायला वाकला. मी म्हटलं, हात लावायचा नाही. दगड तिथे कोणी आणला? त्यांनी. बाजूला कोणी केला होता? त्यांनीच. तेव्हापासून आम्ही चौघं दगड ओलांडून घरात ये-जा करतो. काल काकांनी ग्रुपवर त्याचा फोटो टाकला आणि खाली हिंदीत लिहिलं की सामायिक जागेत अडथळा करणाऱ्या सभासदाने नोंद घ्यावी. सहा जणांनी अंगठा दिलाय. त्यातला एक नवऱ्याचा आहे, तो म्हणतो चुकून लागला.