बीटा पेशी मरतात की ओळख विसरतात?

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी ‘थकून मरतात’, हे मधुमेहावरील एका लेखात वाचलेले विधान मला अपुरे वाटते. संशोधक पीटर बटलर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये शवविच्छेदनातील नमुन्यांवरून दाखवले होते की, लठ्ठ मधुमेहींमध्ये या पेशींचे प्रमाण मधुमेह नसलेल्या लठ्ठ व्यक्तींपेक्षा ६३ टक्क्यांनी कमी असते. तेव्हा पेशी मरतात हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु २०१२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील डोमेनिको अच्चिली यांच्या गटाला उंदरांमध्ये असे आढळले की, दीर्घकाळ ताण सोसणाऱ्या अनेक बीटा पेशी फॉक्सओ-१ हे त्यांची ओळख टिकवणारे प्रथिन गमावल्यावर मरत नाहीत, तर इन्सुलिन बनवणे सोडून अपरिपक्व अवस्थेकडे परततात. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे (‘थकणे’ हा शब्द तर दोन्ही गोष्टी झाकून टाकतो), कारण मेलेली पेशी परत येत नाही, ओळख विसरलेली मात्र कदाचित येऊ शकते. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीत निदानाला सहा वर्षांहून अधिक काळ न झालेल्या रुग्णांनी आहारातून वजन उतरवल्यावर, त्यांच्यापैकी ४६ टक्क्यांची साखर वर्षाअखेरीस औषधांविना मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. सगळ्याच पेशी मेल्या असत्या, तर हे कसे घडले असते?