‘वडिलांच्या गाडीवर टॅक्स कसला?’ या रिव्ह्यूला आमचे उत्तर

नमस्कार साहेब,

आपल्याला आणि आपल्या वडिलांना मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. मधल्या काळात फोन वेळेवर उचलले गेले नाहीत, हीही तक्रार मान्य.

पण एक तारा देऊन आपण लिहिलंय की, ‘वडिलांची गाडी मुलाच्या नावावर करायला टॅक्स लागत नाही. शेजाऱ्यांचं काम हजाराच्या आत झालं, यांनी टॅक्सच्या नावाखाली पैसे उकळले.’ टॅक्सच्या पैशातला एक रुपयाही आमच्याकडे राहत नाही, त्यामुळे ‘उकळले’ हा शब्द फार लागला. आरटीओच्या कामासाठी माणूस शोधणारे आधी रिव्ह्यू वाचतात आणि आमचं पोट याच कामावर आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेजाऱ्यांची गाडी एमएच नंबरची असणार. महाराष्ट्रात नोंदलेली गाडी महाराष्ट्रातच दुसऱ्याच्या नावावर होते, तेव्हा एकरकमी कर (लाइफटाइम टॅक्स) पुन्हा भरावा लागत नाही, कारण तो त्या गाडीवर आधीच भरलेला असतो. फॉर्म 29 आणि 30 (नाव बदलायचे अर्ज), हस्तांतरणाची फी 300 रुपये, स्मार्ट कार्डाचे 200, वर किरकोळ टपालखर्च. घेणारा पोटचा मुलगा असो की अनोळखी गिऱ्हाईक, सरकारी फी तेवढीच. म्हणजे शेजाऱ्यांचा खर्च नात्यामुळे वाचला नाही. त्यांच्या गाडीने राज्याची हद्द ओलांडली नव्हती, एवढंच.

आपली गाडी केए नंबरची, बंगळुरूला नोंदलेली. तिचा लाइफटाइम टॅक्स कर्नाटक सरकारला गेला आहे, महाराष्ट्राला नाही. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो आणि नंबर घेताना महाराष्ट्राचा 1958 च्या कायद्याखालचा कर लागतो. गाडी वडिलांच्याच नावावर ठेवून पुण्याचा नंबर घेतला असता, तरी हाच कर भरावा लागला असता. नाव बदलल्यामुळे त्यात काहीही वाढलेलं नाही.

‘गिफ्ट डीड (बक्षीसपत्र) करून किंमत शून्य दाखवा’ असं आपण दोनदा सुचवलंत. त्याने कर कमी होत नाही. तो विक्रीच्या रकमेवर नसतो, गाडीची मूळ इन्व्हॉइसवरची किंमत, इंधन आणि वय यांवर निघतो. 10 लाखांपर्यंतच्या नव्या पेट्रोल गाडीला 11 टक्के आणि डिझेलला 13 टक्के, आणि गाडी जितकी जुनी तितका दर खाली. आम्ही मूळ इन्व्हॉइससाठी मागे लागलो होतो ते याचसाठी. नात्यातल्या सवलतीचा समज बहुधा घराच्या बक्षीसपत्रावरून झाला असावा. राहतं घर किंवा शेती मुलाला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क नाममात्र 200 रुपये लागतं, हे खरंच आहे. पण तो मुद्रांक कायदा. वाहन कराच्या कायद्यात तशी सवलत नाही, असती तर आम्हीच आधी सांगितली असती.

राहिली पावती. आपण टाकलेल्या फोटोत फक्त एकूण रक्कम दिसते, खालच्या ओळी कापल्या गेल्या आहेत. त्या ओळींत कर, सरकारी फी आणि आमची फी वेगवेगळी लिहिली आहे. कराची ऑनलाइन पावती गाडीच्या नंबरावर निघालेली आहे. ती परिवहनच्या साइटवर ताडून पाहावी, ही विनंती.

आता कामाला उशीर झाला, या तक्रारीबद्दल. बंगळुरूच्या आरटीओची एनओसी (ना हरकत पत्र), म्हणजे फॉर्म 28, वाहतूक दंडाचं चलन थकलं असेल तर निघत नाही. गाडीवर चलनं होती आणि ती भरायला आपल्याकडून वेळ लागला. कर्ज फिटलं होतं, पण आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) बँकेचा बोजा तसाच होता, तो उतरवायला फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र लागलं. फॉर्म 29 वर वडिलांची सही पुन्हा घ्यावी लागली, कारण ती जुन्या सहीशी जुळत नव्हती. ज्येष्ठांच्या बाबतीत असं होतं, त्यात कोणाचाच दोष नाही. नंतर इथे चॅसिस नंबरचा पेन्सिलने ठसा आणि निरीक्षकांकडून गाडीची तपासणी. त्या तारखेला गाडी आपण महाबळेश्वरला नेली होती. हे लिहायचं नव्हतं, पण उशिराचं खापर पूर्ण आमच्यावर फुटलं म्हणून लिहावं लागलं.

नाव बदलताना विम्याचे जादा पैसे गेले, अशीही आपली तक्रार आहे. त्याचाही आमच्याशी संबंध नाही. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीचा नसतो, मालकाचा असतो. वडिलांचा 50 टक्के बोनस आपल्याला मिळत नाही आणि फरक कंपनी घेते. मात्र वडिलांनी कंपनीकडून बोनसचं पत्र घेऊन ठेवावं, 3 वर्षांत त्यांनी दुसरी गाडी घेतली तर तो त्यांच्या कामी येईल.

यापुढे परराज्यातल्या गाड्यांसाठी कराचा अंदाज सुरुवातीलाच लेखी देण्याचा प्रयत्न करू, फोनचंही बघतो.

आणि एक काम बाकी आहे, ज्यात खरंच पैसे परत मिळतात. इथला कर भरून नवी आरसी आली की कर्नाटकात उरलेल्या वर्षांच्या लाइफटाइम टॅक्सचा परतावा मागता येतो. आधी तो घेऊन मग इथे भरू, असं चालत नाही, म्हणून आत्तापर्यंत थांबलो होतो. अर्ज तयार आहे. वडिलांच्या नावाची जुनी कराची पावती तेवढी आणून द्यावी. रविवार सोडून कधीही या.